रॉकेटची मोटर कोणी निवडायची?

खानदेशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत रॉकेट बांधण्याची मनापासून इच्छा असलेली मुले-मुली आता दरवर्षी भेटतात. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी एका भारतीय खासगी कंपनीच्या विक्रम-एस या रॉकेटने श्रीहरिकोट्याहून झेप घेतली आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा यांतली बहुतेक मुले शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात होती. जळगाव, धुळे, शिरपूर किंवा फैजपूर इथल्या एखाद्या वर्गात चार-पाच जणांचा गट जमतो, कोणीतरी संगणकावर आराखडा काढते, फायबरग्लास आणि इपॉक्सी कुठे रास्त दरात मिळेल याची चौकशी सुरू होते, आणि मग हा गट यंत्र अभियांत्रिकीच्या एखाद्या शिक्षकाकडे मार्गदर्शन मागायला येतो. मी अशा शिक्षकांपैकी एक आहे आणि ही मुले येतात याचा मला आनंद आहे.

या मुलांना परवानगी द्यावी की नाही, एवढाच प्रश्न आपल्याकडे विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा त्या-त्या प्राचार्यांच्या स्वभावावर सोडले जाते. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या अलीकडे आहे. रॉकेटच्या सगळ्या भागांपैकी मोटर हा असा भाग आहे की त्यातली चूक सर्वांत आधी माणसाच्या शरीरावर येते. ती मोटर कोण निवडतो, ती कुठून येते आणि उड्डाणाच्या क्षणापर्यंत कोणाच्या ताब्यात राहते, हे ठरवण्याची कोणतीही व्यवस्था आपल्या विभागात नाही. व्यवस्था नसल्यामुळे हा निर्णय एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांवर येऊन पडतो. परवानगी जरूर द्यावी, पण मोटरीचा निर्णय मुलांच्या शिरावर ठेवू नये, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही मोटर काय असते ते सांगितले पाहिजे. मोटर म्हणजे घन इंधन भरलेली नळी. इंधन जळले की वायू मागच्या अरुंद तोंडातून, म्हणजे नोझलमधून, सुटतो आणि रॉकेटला पुढे रेटा मिळतो. मोटरींची प्रतवारी इंग्रजी अक्षरांनी केली जाते आणि ती एकूण आवेगावर, म्हणजे मोटरीने दिलेला सरासरी रेटा आणि तो किती वेळ दिला यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. जी वर्गाची वरची मर्यादा १६० न्यूटन-सेकंद, एच वर्गाची ३२०, आयची ६४०, जेची १,२८०, केची २,५६०, एलची ५,१२० आणि एमची १०,२४०. प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट होत जाते. १६० न्यूटन-सेकंदांच्या पुढची मोटर ‘हाय पॉवर’ या सदरात मोडते. अक्षरे ओळीने येत असल्यामुळे एच आणि के यांत तीनच पायऱ्यांचे अंतर आहे असे नवख्या विद्यार्थ्याला वाटते, प्रत्यक्षात ते अंतर आठपट असते. तयार मोटरीच्या नावात अक्षरापुढे जो आकडा असतो तो सरासरी रेटा सांगतो: जे ३५० म्हणजे जे वर्गातली, सरासरी ३५० न्यूटन रेटा देणारी मोटर.

मुले बहुधा अक्षर बघतात आणि आकड्याकडे दुर्लक्ष करतात. मार्गदर्शकाचे काम इथूनच सुरू होते, म्हणून एक उदाहरण सविस्तर मांडतो. समजा, मोटरीसकट ८ किलो भरणारे एक रॉकेट आहे आणि त्यासाठी दोन मोटरींचा विचार चालू आहे. दोन्ही जे वर्गातल्या, दोन्हींचा एकूण आवेग १,००० न्यूटन-सेकंद. पहिली २ सेकंद जळते आणि सरासरी ५०० न्यूटन रेटा देते. दुसरी ५ सेकंद जळते आणि सरासरी २०० न्यूटन देते. दोन्हींचे अक्षर एकच असल्यामुळे कागदावर त्या सारख्याच दिसतात. पण ८ किलोच्या रॉकेटवर गुरुत्वाकर्षणाचे बल सुमारे ७८ न्यूटन असते, आणि उड्डाणाच्या वेळी रेटा वजनाच्या निदान पाचपट असावा असा या क्षेत्रातला रूढ नियम आहे. म्हणजे ३९० न्यूटनच्या आसपास तरी रेटा हवा. पहिली मोटर या कसोटीला उतरते, दुसरी जेमतेम अडीचपट देते.

हा नियम का आहे, हेही मुलांना गणिताने दिसले पाहिजे. रॉकेट ३ मीटरच्या लाँच रेलवरून, म्हणजे सुरुवातीला त्याला सरळ धरणाऱ्या उभ्या दांड्यावरून, सुटते तेव्हा पहिल्या मोटरीवर त्याचा वेग सुमारे १८ मीटर प्रतिसेकंद असतो, दुसऱ्या मोटरीवर साडेनऊ मीटर. रेल सुटल्यावर रॉकेटला सरळ ठेवणारे एकच साधन उरते, ते म्हणजे शेपटाच्या पंखांवरून वाहणारी हवा. त्या क्षणी ५ मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा असेल, तर पहिल्या रॉकेटला हवा सुमारे १६ अंशांच्या कोनातून लागते आणि दुसऱ्याला सुमारे २८ अंशांतून. अशा कोनात पंखांचा भरवसा धरता येत नाही. रॉकेट वाऱ्याच्या दिशेला कलते, आणि मोटर अजून चार-साडेचार सेकंद जळायची बाकी असल्यामुळे ते त्याच कललेल्या दिशेने वेग घेत जाते. लोक उभे आहेत त्या बाजूने वारा येत असेल, तर ते त्या लोकांकडेच जाते. रेल सोडताना निदान १५ मीटर प्रतिसेकंद वेग असावा, दाबकेंद्र, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, गुरुत्वमध्याच्या मागे रॉकेटच्या एक ते दोन व्यासांइतके असावे, वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला तर उड्डाण करू नये, या सगळ्या मर्यादा अशाच हिशोबांतून आणि इतरांनी भोगलेल्या अपघातांतून आल्या आहेत.

आणखी एक गोष्ट आराखड्यात दिसत नाही. विद्यार्थ्यांचे रॉकेट बांधता-बांधता जड होत जाते. इपॉक्सीचा एक हात जास्त बसतो, रंग चढतो, बॅटरी मोठी घेतली जाते, नाकाच्या शंकूत वजन भरावे लागते. उड्डाणाचा हिशोब करणारे ओपनरॉकेटसारखे मोफत सॉफ्टवेअर मिळते आणि ते उत्तम आहे, पण त्यात टाकलेले वजन आराखड्याच्या दिवशीचे असते. मोटर त्या वजनावर निवडली आणि रॉकेट दीड किलोने वाढले, तर सुरुवातीचा सगळा हिशोब खोटा ठरतो. म्हणून तयार रॉकेट काट्यावर ठेवून, त्याचा गुरुत्वमध्य दोरीला टांगून प्रत्यक्ष काढून, मग मोटर पक्की करावी, असा आग्रह मार्गदर्शकाने धरला पाहिजे. मुलांना हे वेळखाऊ वाटते. तरी धरला पाहिजे.

पण त्याही आधी विचारण्याचा प्रश्न असा, की हे रॉकेट वर जाऊन करणार काय? विहिरीवर पंप किती अश्वशक्तीचा बसवायचा, हे आपल्याकडचा शेतकरी विहिरीच्या खोलीवरून आणि पाइपच्या व्यासावरून ठरवतो, शेजाऱ्याने मोठा घेतला म्हणून मोठा घेत नाही. मोटरीचेही तसेच आहे. रावेर-यावल पट्ट्यात हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जमिनीलगत साचते आणि काही उंचीवर हवा उबदार असते. या थंडीचा फटका केळीला बसतो. पहाटेच्या वेळी जमिनीपासून ३०० मीटरपर्यंत तापमान कसे बदलते हे मोजणारे रॉकेट एखाद्या गटाने बांधले, तर तो खरा अभियांत्रिकी प्रकल्प होईल, आणि त्या नोंदींचे मोल केळी उत्पादकालाही कळेल. त्यासाठी दोनेक किलोचे रॉकेट आणि एच वर्गातली लहान मोटर पुरते. उद्दिष्ट ठरले की मोटरीचे अक्षर आपोआप खाली येते. उद्दिष्ट नसले की ते वर-वर जात राहते, कारण मग उंचीशिवाय दाखवण्यासारखे काही उरत नाही.

आता सगळ्यांत कठीण मुद्द्याकडे येतो. अमेरिकेत किंवा युरोपात विद्यार्थी गट मोटर ‘निवडतो’, म्हणजे प्रमाणित मोटरींच्या यादीतून, प्रत्येकीचा रेट्याचा आलेख समोर ठेवून, एक विकत घेतो. आपल्याकडे अशा मोटरी महाविद्यालयाला सहजासहजी मिळत नाहीत. १८८४ च्या स्फोटके अधिनियमात स्फोटकाच्या व्याख्येतच रॉकेटचा नावानिशी उल्लेख आहे. उत्पादन, बाळगणे, वाहतूक, आयात या प्रत्येक गोष्टीला त्या कायद्याचे आणि २००८ च्या स्फोटके नियमांचे परवाने लागतात. हे परवाने देणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचे मुख्यालय आपल्याच राज्यात नागपूरला आहे, पण विद्यार्थ्यांच्या गटाला समजेल आणि परवडेल अशी वाट तिथपर्यंत जात नाही. मग मुले दुसरी वाट धरतात. शोरा आणि साखर बाजारात मिळते, चित्रफिती फोनवर मिळतात, पाइप जळगावच्या औद्योगिक वसाहतीत मिळतो. वसतिगृहाच्या खोलीत किंवा गावाकडच्या खळ्यात मोटर तयार होऊ लागते, आणि त्या वेळी तिथे एकही जाणता माणूस नसतो.

अशा मोटरीत काय बिघडते, हे प्रत्येक पालकाने आणि प्राचार्याने समजून घ्यावे. घन इंधन फक्त पृष्ठभागावर जळते, आणि आतला दाब हा जळणारा पृष्ठभाग आणि नोझलच्या गळ्याचे क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरावर ठरतो. इंधनाच्या वडीत एक बुडबुडा राहिला, ओतताना एक तडा गेला किंवा वडी आवरणापासून सुटली, तर जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, त्याबरोबर दाब वाढतो, दाब वाढला की जळण्याचा वेग आणखी वाढतो, आणि पाइप फुटतो. पाइप लोखंडाचा असेल तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. पीव्हीसीचा असेल तरी त्याच्या कपच्या धारदार असतात. तडा बाहेरून दिसत नाही. गेल्या वेळी चांगली चाललेली मोटर या वेळी फुटू शकते, कारण हाताने केलेल्या दोन मोटरी कधीच एकसारख्या नसतात. हे काम आयुष्यभर करणाऱ्यांनाही ते सोपे नाही. २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोट्यात घन इंधनाच्या कारखान्यात आग लागली आणि इस्रोने सहा माणसे गमावली. तिथे शिस्त होती, उपकरणे होती, अनुभव होता. वसतिगृहात यांपैकी काहीही नसते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पदवीच्या विद्यार्थ्यांनी इंधन स्वतः बनवू नये, आणि कोणत्याही शिक्षकाने ते ‘आत्मनिर्भरता’ म्हणून खपवून घेऊ नये.

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ते म्हणतात, मोटर तयार आणली तर मुले शिकली काय? रॉकेटचा प्राणच बाहेरून आला, मग उरली ती नळी आणि पॅराशूट. या आक्षेपाला आपल्याच देशाच्या इतिहासात उत्तर आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंब्याहून भारताच्या भूमीवरून पहिले संशोधन रॉकेट उडाले, ते नायके-अपाची होते आणि अमेरिकेतून आलेले होते. विक्रम साराभाईंनी आपली मोटर तयार होईपर्यंत वाट पाहिली नाही, आणि माणसांना शिकवल्याशिवाय मोटर ओतायलाही बसवले नाही. परक्या मोटरीवर जोडणी, रेल, मोजमाप, उलटी गणना आणि सुरक्षेची शिस्त शिकून झाल्यावर २० नोव्हेंबर १९६७ रोजी ७५ मिलिमीटर व्यासाचे स्वदेशी रोहिणी आरएच-७५ उडाले. देशाच्या उत्तम शास्त्रज्ञांनी त्या चार वर्षांत जे शिकले, ते आपल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने वगळावे असे म्हणायला काही आधार नाही. शिवाय तयार मोटर घेतल्यावर उरणारे काम थोडे नसते. पंखांचा कंप, सांध्यांची ताकद, दोन टप्प्यांत उघडणारे पॅराशूट, उंची मोजणाऱ्या ऑल्टिमीटरची दुहेरी जोडणी, माहितीची नोंद, उड्डाणानंतर सिम्युलेशन आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचे स्पष्टीकरण, एवढे नीट करायला चार सत्रे पुरत नाहीत.

ज्याला मोटरीतच रस आहे, त्याच्यासाठी स्टॅटिक टेस्टचा मार्ग आहे. तयार मोटर जमिनीवर घट्ट बांधून, बल मोजणारा लोड सेल लावून, दूरवरून पेटवून तिचा रेट्याचा आलेख काढता येतो, आणि तो उत्पादकाच्या आलेखाशी ताडून बघता येतो. मेमध्ये जळगावचा पारा ४५ अंशांना भिडतो तेव्हा तीच मोटर डिसेंबरपेक्षा वेगळी जळते, कारण तापलेले घन इंधन जास्त वेगाने जळते. हा फरक मोजून मांडणारा विद्यार्थी मोटरीबद्दल जितके शिकेल, तितके चित्रफीत बघून इंधन ढवळणारा शिकणार नाही.

आता मार्गदर्शकाबद्दल. आपल्याकडे प्रकल्पाचा मार्गदर्शक म्हणजे अहवालावर सही करणारा शिक्षक, अशी समजूत रूढ आहे. रॉकेटच्या बाबतीत ती धोक्याची आहे. अमेरिकेत हाय पॉवर उड्डाण करणाऱ्याला नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री किंवा ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन यांच्या तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या पायरीवर एच आणि आय, दुसरीवर जे, के, एल आणि तिसरीवर एमपासून पुढे. प्रत्येक पायरीला स्वतः बांधलेले रॉकेट त्या वर्गाच्या मोटरीवर उडवून ते सुखरूप परत मिळवून दाखवावे लागते, आणि दुसऱ्या पायरीला लेखी परीक्षाही असते. नासाच्या स्टुडंट लाँच या स्पर्धेचा नियम याहून बोलका आहे. तिथे प्रत्येक गटाबरोबर प्रमाणपत्रधारक मार्गदर्शक असावाच लागतो, गट वापरणार असलेल्या वर्गाच्या मोटरीवर त्याची स्वतःची निदान दोन यशस्वी उड्डाणे झालेली असावी लागतात, आणि दायित्वाच्या दृष्टीने रॉकेटचा मालक तोच मानला जातो. महाविद्यालयीन गटांना एल वर्गाच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे जगातल्या सर्वांत अनुभवी अवकाश संस्थेनेही हा निर्णय मुलांच्या उत्साहावर सोडलेला नाही.

असा मार्गदर्शक काय करतो? मोटर स्वतःच्या ताब्यात कुलपात ठेवतो. जोडणीच्या वेळी सांध्यातून वायू सुटू नये म्हणून बसवलेल्या रबरी ओ-रिंगला ग्रीस लागले आहे का, वडी आवरणात नीट बसली आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. मोटर पेटवणारा इग्नायटर, रॉकेट रेलवर उभे राहिल्यावरच बसवला जाईल याची खात्री करतो. आणि मुख्य म्हणजे नाही म्हणतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान कोसळले ते घन इंधनाच्या मोटरीच्या सांध्यातली ओ-रिंग थंडीत ताठर झाल्यामुळे. आदल्या रात्री मोटर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी उड्डाणाला विरोध केला होता आणि त्यांच्या वरिष्ठांनी तो बाजूला सारला. मैदानावर पालक आलेले असतात, संस्थाचालक आलेले असतात, छायाचित्रकार थांबलेला असतो, आणि वारा वाढत असतो. त्या क्षणी उड्डाण रद्द करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे आणि तो वापरल्याबद्दल ज्याला कोणी जाब विचारणार नाही, त्यालाच मार्गदर्शक म्हणावे. नोकरीची कायमस्वरूपी मान्यता अजून मिळायची असलेल्या तरुण प्राध्यापकाला संस्थाचालकांसमोर हे जमेल, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

अशी माणसे खानदेशात कुठून आणायची, असे विचारले जाते. ती इथेच आहेत. जळगाव जिल्ह्यात वरणगाव आणि भुसावळ या दोन ठिकाणी आयुध निर्माण्या आहेत. वरणगावला लहान शस्त्रांचा दारूगोळा तयार होतो, भुसावळच्या निर्माणीने लष्कराच्या पिनाक रॉकेटचे पॉड, म्हणजे ती रॉकेटे ज्यांतून डागतात ते नळ्यांचे संच, बनवले आहेत. या निर्माण्यांतून निवृत्त झालेले शेकडो कामगार, पर्यवेक्षक आणि अधिकारी भुसावळ, वरणगाव, जळगाव परिसरात राहतात. स्फोटक दारूच्या इमारतीत शिरताना काय अंगावर असावे आणि काय नसावे, स्थितिक विद्युत कशी उतरवावी, एका वेळी एका खोलीत किती माल आणि किती माणसे असावीत, हे त्यांना पाठ्यपुस्तकातून शिकावे लागत नाही. तीस-तीस वर्षे त्यांनी ते पाळले आहे. त्यांच्यातल्या अनेकांना वायुगतिकी येणार नाही आणि ऑल्टिमीटरची जोडणीही येणार नाही. त्यासाठी महाविद्यालयाचा शिक्षक आहे. मोटरीजवळची शिस्त मात्र आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांना येत नाही, आणि ती या ज्येष्ठांकडून शिकण्यात आम्हा शिक्षकांना कसलाही कमीपणा वाटू नये. इतके मोठे ज्ञान हाताशी असताना मुले परदेशी चित्रफितींवर विसंबून राहतात, याचे मला मनापासून दुःख होते.

मैदानाचा प्रश्नही आपल्या भूमीच्या संदर्भात बघावा लागतो. तापीचे खोरे सपाट आहे म्हणून कुठेही उडवता येईल, असे वाटते. पण ते सपाट आहे म्हणूनच ते कसलेले आणि वसलेले आहे. भुसावळहून लोहमार्ग चारी दिशांना जातात, दीपनगरच्या वीज केंद्रातून उच्चदाबाच्या तारा निघतात, जळगावला विमानतळ आहे, धुळे आणि शिरपूरला धावपट्ट्या आहेत, आणि वावरांत कठडा नसलेल्या विहिरी आहेत. रॉकेट १,००० मीटरवर गेले आणि मोठे पॅराशूट तिथेच उघडले, तर ते ६ मीटर प्रतिसेकंदाने उतरायला पावणेतीन मिनिटे घेते आणि ७ मीटर प्रतिसेकंदाच्या वाऱ्यात सव्वा किलोमीटरच्या आसपास वाहत जाते. तेच आधी लहान पॅराशूटवर वेगाने खाली आणून २०० मीटरवर मोठे उघडले, तर ते साडेचारशे मीटरच्या आसपासच वाहत जाते. रूढ सुरक्षा नियमांनुसार मैदानाची लहानातली लहान बाजू कमाल उंचीच्या निम्मी किंवा सुमारे ४६० मीटर, यांत जे जास्त असेल तेवढी असावी लागते. के वर्गाच्या मोटरीपासून माणसांनी निदान ६० मीटर आणि एम वर्गाच्या मोटरीपासून निदान १५० मीटर दूर राहावे लागते. हंगामही बघावा लागतो. कापसाची वेचणी संपून पऱ्हाट्या वाळल्या, गवत पिवळे पडले, की एका ठिणगीने शेजारच्याचे वावर पेटू शकते. उन्हात उभ्या केलेल्या काळ्या रंगाच्या रॉकेटचे इपॉक्सीचे सांधे मेमध्ये मऊ पडू शकतात. शेतातली पिके आणि हवा दोन्ही बघता डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी आपल्याकडे उड्डाणासाठी सर्वांत योग्य आहेत, आणि विद्यापीठाच्या परीक्षांचे वेळापत्रक नेमके त्याच्याशी भांडते. ज्याच्या जमिनीवर रॉकेट उतरणार, त्या शेतकऱ्याला आधी विचारले पाहिजे, पिकाचे नुकसान झाले तर ते भरून दिले पाहिजे, हे तर सांगायलाही नको.

बंदी घालून हे सगळे टळेल, असे मानणाऱ्या संस्था आहेत. त्यांची भीती खरी आहे, उपाय मात्र उलटा आहे. महाविद्यालयाने दार लावले की मुले रॉकेट सोडत नाहीत, फक्त शिक्षकांच्या नजरेआड जातात. याउलट काही ठिकाणी पहिल्याच वर्षी मोठी मोटर लावून बातमी व्हावी अशी घाई असते. दोन्हींत मुलाचा जीव कोणाच्याच हिशोबात नसतो.

केंद्राच्या पातळीवर सुरुवात झालेली आहे. खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी देणारी केंद्राची संस्था इन-स्पेस, इस्रो आणि अ‍ॅस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांनी विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट, म्हणजे डब्याएवढे नमुना उपग्रह, यांची स्पर्धा घेतली आणि तिची उड्डाणे २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात झाली. कुशीनगरला जे होऊ शकते ते तापीकाठी होऊ नये, असे काही नाही. पण त्यासाठी एकेका महाविद्यालयाने एकेकटे अर्ज करत राहण्यात अर्थ नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे क्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे आहे. आपल्या भागातली अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आज या विद्यापीठाशी संलग्न नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी सर्वांना एका टेबलाशी बसवू शकेल अशी दुसरी संस्था खानदेशात नाही. विद्यापीठाने एक रॉकेट सुरक्षा समिती नेमावी, तिच्यात निर्माण्यांतले निवृत्त अधिकारी, पेसोला आणि विमानतळ प्राधिकरणाला उत्तर देऊ शकेल असा एक जबाबदार अधिकारी आणि प्रत्येक सहभागी महाविद्यालयाचा एक शिक्षक असावा. मोटरींचा परवाना, खरेदी आणि साठा या समितीच्या नावावर असावा, महाविद्यालयाच्या किंवा विद्यार्थ्याच्या नावावर नसावा. गटाने उद्दिष्ट, प्रत्यक्ष मोजलेले वजन, रेलवरचा वेग आणि वाहून जाण्याचे अंतर समितीपुढे मांडावे आणि समितीने मोटर मंजूर करून उड्डाणाच्या सकाळीच मैदानावर आणून द्यावी. जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनांतून यासाठी लागणारा निधी मागता येईल. त्यातला मोठा भाग मोटरींवर नव्हे, तर साठ्याच्या सुरक्षित खोलीवर आणि विम्यावर खर्च होईल, हे आधीच मान्य करावे.

नंदुरबारच्या एखाद्या आश्रमशाळेतून शिकून जळगावला आलेल्या मुलीला पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांतले गट आणि त्यांचे प्रायोजक उपलब्ध नाहीत. तिला रॉकेट उडवायचे असेल तर ते इथेच, आणि इथल्या माणसांच्या भरवशावर. त्यामुळे पहिल्या वर्षी समितीने सर्व गटांना एच वर्गाच्या मर्यादेत ठेवावे, दुसऱ्या वर्षी ज्यांचे रॉकेट सुखरूप परत आले त्यांनाच आय द्यावी, आणि जे वर्गाचा विचार, मार्गदर्शकांपैकी निदान दोघांनी स्वतः त्या वर्गात उड्डाण करून दाखवल्याशिवाय, कार्यक्रमपत्रिकेवर घेऊच नये.